धुराड्यातला गोळा

१

भय्यासाहेब मेल्याचं कळलं तेव्हा मुरलीधर पिंपळखरे दात घासत होता, आणि खरं सांगायचं तर त्याला पहिल्या झटक्याला काडीचंही वाईट वाटलं नाही. ज्या शेजाऱ्याशी सात वर्षं अबोला, ज्याच्या मोरीचं पाणी आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीत मुरतं, त्याच्यासाठी कोणाचे डोळे भरून येतील? त्यानं चूळ भरली, कुंपण ओलांडलं आणि भय्यासाहेबांच्या पुतण्याबरोबर न्हाणीघराच्या दाराला खांदा लावला.

दार उघडलं. भय्यासाहेब पाटावर बसल्या बसल्या भिंतीला टेकले होते. चेहरा लालबुंद होता, झोपेतून नुकतंच उठल्यासारखा. बंबात निखारे फुललेले होते आणि धुराचा मागमूस नव्हता.

"कोळशाची वाफ," मुरलीधर म्हणाला. "श्रीरंग, मागं हो. वहिनींना आत येऊ देऊ नकोस."

पासष्टच्या सप्टेंबरातला मंगळवार होता. लढाई पेटली होती, तोफगाड्यांच्या कारखान्यात दुहेरी पाळ्या लागल्या होत्या आणि रात्री गावभर अंधार पाळायचा हुकूम होता. अधारतालच्या घराघरांत खिडक्यांना काळे कागद लागले होते. भय्यासाहेब शिस्तीचे, त्यांनी न्हाणीघराच्या झरोक्यालाही फळी ठोकून घेतली होती. त्यामुळे बंबाची वाफ बाहेर जायला वाट एकच उरली होती, भिंतीतलं धुराडं. आणि ते धुराडं तुंबलं होतं.

पोलीस आले. मागच्या बोळात धुराडं साफ करायला एक लोखंडी झाकण होतं. ते उघडून शिपायानं पहार घातली, तसा आतून राखाडी, दगडासारखा घट्ट गोळा फुटून खाली आला. ठाणेदारानं तो बुटानं लोटला.

"मिस्त्री का मसाला गिरा है। अंदर जम गया। कौन था मिस्त्री?"

मिस्त्री होता अंबादास. शनिवारीच काम संपवून गेला होता. दहा वाजेपर्यंत लोकांनी त्याला दुसऱ्या घरी मसाल्याच्या परातीवरून उठवून, तुडवून कोतवालीत पोचवला. बंबात माणूस मारणारा मिस्त्री म्हणून दुपारपर्यंत त्याचं नाव गावभर झालं.

या घराला अंबादासचं नाव सुचवलं होतं मुरलीधरनं. त्याच्याच शब्दावर तो इथं आला होता.

२

तसं पाहिलं तर अंबादासचं काम म्हणजे दुसऱ्याची घाण निस्तरणं होतं. श्रावणात भय्यासाहेबांनी न्हाणीघर नवं करायला विठोबा ठेकेदार लावला. विठोबानं असं काही दिव्य केलं की फरशीचा उतार मोरीकडं न जाता देवघराकडं गेला. आंघोळ न्हाणीत आणि पूर देवांपुढं! फरशा टिचकी मारली की पोकळ बोलायच्या. बंबाचं धुराडं त्यानं छतापर्यंत नेलं आणि तिथंच सोडून दिलं. भय्यासाहेबांनी त्याला भर रस्त्यात आईबापावरून शिव्या दिल्या. विठोबाही कमी नव्हता. "या न्हाणीत तुमाले सुखाची आंघोळ भेटणार नाही," असं बोलून तो गेला होता, आणि ते निम्म्या अधारतालनं ऐकलं होतं.

मग मुरलीधरनं, स्वतःची भिंत वाचवायला का होईना, भय्यासाहेबांच्या बायकोच्या, कुंदावहिनींच्या कानावर घातलं की अंबादासला बोलवा. पितृपक्ष चालू होता. वहिनी म्हणाल्या, या दिवसांत बांधकामाला हात लावत नाहीत. भय्यासाहेब म्हणाले, हे बांधकाम नाही, विठोबाचं पाप धुणं आहे. अंबादासनं सगळी फरशी उखडली, उतार उलटा करून घेतला आणि धुराडं छताबाहेर काढलं.

कोतवालीत अंबादास भिंतीला टेकून बसला होता. उजव्या हाताची दोन बोटं सुजून निळी पडली होती. मिस्त्रीचा उजवा हात!

"पाहायले आले काय बाबूजी? पाहा."

"अंबादास, धुराड्याला आतून काय लावलं होतंस?"

"चुना. आगीच्या जागी मी सिमिट लावतच नाही, फुटते ते. अन् आणायचं कुठून? लढाई लागायच्या आधीपासूनच परमिटबिगर पोतं भेटत नाही."

"मसाला आत पडला असेल?"

अंबादासनं त्याच्याकडं असं पाहिलं की मुरलीधरला प्रश्न विचारल्याची लाज वाटली.

"शनिवारी ओलं गवत जाळून धूर वर काढून दाखवला मी. कुंदाबाई आंगणात उभ्या होत्या. माझी रीतच हाय ती. धूर दिसल्याबिगर मी परात धूत नाही. इतवारी, सोमवारी भय्यासाहेबांनी आंघोळ केली का नाही? तवा नाही मेले ते?"

मुद्दा बिनतोड होता. शनिवारी धूर गेला, रविवारी आणि सोमवारी आंघोळी झाल्या, मंगळवारी माणूस मेला. म्हणजे गोळा सोमवारच्या आंघोळीनंतर आत गेला होता. भय्यासाहेब दाराला आतून कडी घालून स्तोत्रं म्हणत तासभर न्हायचे. त्यांच्याआधी घरात कोणी पाण्याला हात लावायचं नाही, हे घरच्यांना आणि शेजाऱ्यांना, सगळ्यांना ठाऊक होतं.

"लापरवाही से मौत की दफ़ा लगी है," ठाणेदार मागून म्हणाला. "परसों कोर्ट में पेश होगा। आप घर जाइए, पंडितजी।"

"गोळा पडला नाही साहेब," मुरलीधर म्हणाला. "कोणीतरी तो बसवला आहे."

ठाणेदार हसला आणि त्यानं दार दाखवलं.

३

बोळात गोळ्याचे तुकडे तसेच पडले होते. मुरलीधर उकिडवा बसला. सव्वीस वर्षं त्यानं कारखान्याच्या तपासणी खात्यात एकच काम केलं होतं. ओतशाळेतून आलेल्या मालावर हातोडी वाजवायची, कान द्यायचा, नाद खणखणीत आला तर शिक्का मारायचा आणि बद्द आला तर माल परत करायचा. त्यानं खिशातल्या किल्लीनं तुकडा वाजवला. चुन्याचा आवाज ओळखीचा असतो. हा तसा नव्हता, सिमेंटचाही नव्हता.

आणि तुकड्यांवर मुंग्या होत्या. भिंतीच्या कडेनं मुंग्यांची रांग लागली होती आणि ती थेट या तुकड्यांवर चढत होती.

"कालपासून येऊन राहिल्या," वरून आवाज आला. कुंदावहिनी मागच्या दारात उभ्या होत्या. डोळे कोरडे, आवाज दगडासारखा. "तुम्ही इथं काहून आले? तुमचं काय हरवलं आहे आमच्या बोळात?"

"वहिनी, अंबादासनं हे केलेलं नाही."

"मग कोणी केलं? सोमवारी संध्याकाळी हे तुमच्या फाटकाशी आले होते. सात वर्षांनी आले. परत आले ते न जेवता झोपले. काय बोलले तुम्ही त्यांना?"

भय्यासाहेब हातात कापडी पिशवी घेऊन आले होते हे खरं. "मुरल्या, तुझा कान गेला काय?" एवढंच ते बोलले होते, आणि मुरलीधरनं त्यांच्या तोंडावर फाटक आपटलं होतं.

तेवढ्यात श्रीरंग बाहेर आला. भय्यासाहेबांच्या धाकट्या भावाचा मुलगा, लहानपणापासून याच घरात वाढलेला. काकांनीच त्याला ओतशाळेत आपल्या हाताखाली चिकटवून घेतलं होतं. रडून त्याचे डोळे सुजले होते.

"काका, काकूंना त्रास नका देऊ. चलो, मी बोलतो तुमच्याशी." त्यानं मुरलीधरला बाजूला घेतलं. "विठोबालाच पकडायला पाहिजे. सगळ्यांसमोर धमकी देऊन गेला होता तो. सोमवारी घर रिकामं होतं. काका कारखान्यात, काकू गढ्याला श्राद्धाच्या जेवणाला. माझी सुट्टी, पण मी दहाच्या बसनं सिहोऱ्याला गेलो होतो, आत्याकडं. पाचच्या बसनं परत आलो. तेवढ्यात त्यानं साधलं असणार."

विठोबा! मुरलीधरला ते पटलं. पटावंसं वाटत होतं म्हणूनही असेल. त्यानं एक तुकडा खिशात टाकला, घरी येऊन त्यावरची काजळी धुवायला नळाखाली धरला आणि दचकून हात मागं घेतला. दगडासारखा तुकडा बोटांत विरघळून काळी वाळू होऊन वाहून चालला होता.

४

विठोबा सिहोऱ्यालाच सापडला, एका धान्यव्यापाऱ्याच्या गोदामाची भिंत बांधताना. भिंत वाकडी होती हे सांगायला नकोच. मुरलीधरला पाहताच त्यानं थापी खाली आपटली.

"आले काय? माहीत होतं मले. मेला म्हातारा, आता विठोबाले पकडा."

"सोमवारी कुठं होतास?"

"इथंच! शुक्रवारपासून इथंच मरून राहिलो. या शेठले विचारा, दिवसभर खाट टाकून माझ्या डोक्यावर बसते." खाटेवरच्या शेठनं तंबाखू मळता मळता मान डोलवली. "सोमवारी माझ्या बापाची तिथी होती बाबूजी. घरी पिंड द्यायचे होते. सकाळी नवापासून स्टँडवर उभा होतो मी, दुपार ढळेस्तोवर. एक बस नाही आली, एक नाही गेली. त्या दिवशी साऱ्या गाड्या फौजेनं नेल्या. बापाले पाणी नाही देता आलं मले, अन् तुम्ही विचारता कुठं होतास!"

मुरलीधरनं खिशातला उरलेला तुकडा पुढं केला. "हा मसाला कसला, सांग."

विठोबानं तुकडा फिरवून पाहिला, हुंगला, जिभेला लावला आणि थुंकला.

"गोड हाय हा. हा मसालाच नाही. आता माझं काम खराब होते हे मलेही समजते. सिमिट असतं तर म्हाताऱ्याच्या न्हाणीत रेती कायले भरली असती मी? पण हे पाहा." त्यानं तुकड्याच्या एका कडेवर बोट ठेवलं. धुराड्याच्या भिंतीला जिथं तो टेकला होता तिथली कड अंगठा फिरवून छान गोलसर केली होती. "कोपरा असा गोल कोण करते? मिस्त्री कोपरा धारेवर काढते. खराबातला खराब मिस्त्री बी. अन् धुराड्याच्या आतल्या अंधारात, कोणाले दिसणार नाही तिथं, इतकी नक्षी कायले करावी कोणी?"

मुरलीधर परतीच्या बसमध्ये बसला आणि अर्ध्या वाटेवर ताडकन उभा राहिला. असे गोल कोपरे तो सव्वीस वर्षं रोज पाहत आला होता.

५

पोकळ ओतीव वस्तू बनवताना आत वाळूचा गाभा ठेवतात. कारखान्यात त्याला कोअर म्हणतात. वाळूत साखर कारखान्याची मळी मिसळायची, म्हणजे गुळाच्या काकवीची काळी बहीण, आणि भट्टीत भाजायचं. भाजलं की गाभा दगड होतो, आणि पाणी लागलं की पुन्हा वाळू. त्याचे कोपरे कायम गोल ठेवायचे, कारण टोकदार कोपऱ्यावर ओतकाम तडकतं. साचेवाल्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि पुढं त्याचा अंगठा झोपेतसुद्धा कोपरा गोल करतो.

सिमेंट मिळत नाही, मिस्त्रीकाम येत नाही, मग माणूस हाताला येतं ते करतो. ओला गोळा सोमवारी धुराड्यात बसला आणि मंगळवारी भय्यासाहेबांनी स्वतःच बंब पेटवून तो भाजून घट्ट केला.

पण श्रीरंगनं हे कशासाठी करावं? काकानं वाढवलं, नोकरी दिली. तो सरळ कुंदावहिनींच्या दारात जाऊन उभा राहिला.

"वहिनी, भय्यासाहेब माझ्याकडं आले तेव्हा हातात पिशवी होती. ती कुठं आहे?"

"माझ्या पेटीत. तुमच्यावर संशय होता म्हणून ठेवली. श्रीरंगनं दोनदा मागितली. तुम्ही दोघंही काहून मागून राहिले ती?"

"त्याला दिली नाहीत, हे देवानंच सुचवलं तुम्हाला. मला फक्त दाखवा."

वहिनींनी पिशवी आणली, पण हातात दिली नाही. स्वतःच ओट्यावर उपडी केली. आतून तोफगाड्याच्या चाकाचा तुंबा पडला. चाकाच्या मध्यभागी आस जिथं बसते तो हा ओतीव तुकडा. तो मधोमध फोडलेला होता. आत ओतताना राहिलेली सुपारीएवढी पोकळी होती, आणि ती मेण आणि लोखंडाचा चुरा कालवून बुजवली होती. वरून घासून, तेल लावून कोणाला कळणार नाही अशी.

"रविवारी रात्री यांचं अन् श्रीरंगचं कडाक्याचं भांडण झालं," वहिनी हळू बोलल्या. "हे म्हणत होते, पोरं तिकडं तोफा ओढून राहिली अन् तू भोकं बुजवून राहिला. सोमवारी मुरल्याला दाखवतो, मग साहेबाला."

मुरलीधरनं तुंबा उलटा केला. त्यावर तपासणीचा शिक्का होता. शिक्क्यात सतरा हा आकडा होता. सतरा नंबरचा शिक्का कारखान्यात एकाच माणसाकडं होता, आणि तो माणूस आता शेजारणीच्या ओट्यापाशी उभा होता.

हा तुंबा पास झाला त्या आठवड्यात दिवसाला चारशे तुंबे यायचे. प्रत्येकावर हातोडी मारायची, असा नियम होता. मुरलीधर पाचांतला एक वाजवायचा आणि पाचांवर शिक्के मारायचा. वरून घाई होती, सगळेच असं करत होते, या सबबी त्यानं स्वतःला कधीच देऊन ठेवल्या होत्या.

ही पिशवी ठाण्यात नेली तर अंबादास सुटेल. न नेली तर श्रीरंगकडं खून करायला काही कारणच उरत नाही. मधली वाट नव्हती.

६

गुरुवारी सकाळी ठाणेदाराच्या टेबलावर पाण्यानं भरलेला पितळी गडू होता. एका बाजूला कुंदावहिनी पदर आवळून बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला श्रीरंग. अंबादास गजांमागं उभा होता.

मुरलीधरनं धुराड्याच्या भिंतीवरून खरवडून आणलेला चुन्याचा पोपडा गडूत टाकला. तो तळाशी जाऊन तसाच राहिला. मग धुराड्यातला तुकडा टाकला. ठाणेदार वाकून पाहत राहिला. थोड्या वेळात पाणी चहासारखं झालं आणि तळाशी नुसती वाळू उरली.

"यह तो गुड़ जैसा महकता है," ठाणेदार म्हणाला.

"मळी आहे साहेब. ओतशाळेतली वाळू. अंबादासनं ओतशाळा बाहेरूनसुद्धा पाहिलेली नाही. विठोबा शुक्रवारपासून सिहोऱ्यात आहे, साक्षीदार आहे. सोमवारी घरात कोणी नव्हतं, आणि श्रीरंग म्हणतो तो दहाच्या बसनं सिहोऱ्याला गेला."

"गेलोच होतो!"

"कोणत्या बसनं? सोमवारी सिहोऱ्याला एकही बस गेली नाही. सगळ्या फौजेनं नेल्या होत्या. स्टँडवर विचारून आलो मी. ज्याला घराबाहेर पडायचंच नव्हतं, त्याला हे कळणार कसं?"

श्रीरंगचा चेहरा पांढरा पडला. पण तो लगेच सावरला, आणि पुढं जे बोलला ते त्यानं तीन दिवस जपून ठेवलं होतं.

"अच्छा. अन् मी आपल्या काकाला काहून मारीन? सांगा ना. पिशवी दाखवा साहेबांना. पण काका, आधी तुंब्यावर शिक्का कोणाचा आहे तेही सांगा. मी भोकं बुजवली म्हणता, मग पास कोणी केली? मी बुडलो तर तुम्ही काठावर राहणार काय?"

मुरलीधरला वहिनींची नजर गालावर जाणवत होती.

"पंडितजी," ठाणेदार खालच्या आवाजात म्हणाला, "लड़ाई चल रही है। यह लिख दूँगा तो आप भी अंदर जा सकते हैं। सोच लीजिए।"

"लिहा साहेब. शिक्का नंबर सतरा, मुरलीधर पिंपळखरे. न वाजवता मारला. सोमवारी भय्यासाहेब मला हेच दाखवायला आले होते आणि मी फाटक लावून घेतलं. उघडं ठेवलं असतं तर त्याच संध्याकाळी सगळं बाहेर आलं असतं, आणि मग त्यांना मारून कोणाचा फायदा उरला नसता, ज्यानं गोळा बसवला त्यानंच तो रात्रीत काढून टाकला असता." त्यानं टेबलावरचा गडू बाजूला सारला. "आणि आधी कारखान्याला फोन लावा. त्या आठवड्याचा माल गाडीत चढला आहे. तो थांबवायला पाहिजे."

श्रीरंग उठला, तसं शिपायानं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. मग तो लहान मुलासारखा रडू लागला. एका वेळी बारा-बारा तास, थोडासा नासका माल निघाला की पगारवाढ बंद, काकांचा एका शब्दाचाही आधार नाही, असं काहीतरी तो बोलत होता. कुंदावहिनी उठल्या. त्याच्याजवळ गेल्या. मुरलीधरला वाटलं आता त्या थोबाडीत देतील. त्यांनी त्याच्या अंगावरची भय्यासाहेबांची शाल काढून घेतली आणि घडी घालून बाहेर निघून गेल्या.

दुपारी कारखान्यातून निरोप आला. माल इटारसीला अडवला होता. मुरलीधरला कामावरून तात्पुरतं कमी केलं होतं आणि चौकशी होईपर्यंत गाव सोडायला मनाई होती. बातमी त्याच्याआधी अधारतालला पोचली होती. पानाच्या टपरीवर बसलेली कारखान्याची माणसं एरवी त्याला पाहून उठून उभी राहायची, ती आज बसून राहिली, आणि एकजण त्याच्या पायाजवळ थुंकला.

त्याआधी, कोतवालीच्या पायऱ्यांवर त्यानं अंबादासला गाठलं होतं. अंबादास सुजलेला हात छातीशी धरून सावकाश उतरत होता. मुरलीधरनं रिक्षा थांबवली, दवाखान्यात चल म्हणाला. अंबादासनं मान हलवली.

"बोटं वाकतील का पुन्हा, ते माहीत नाही बाबूजी. वाकली तर काम करीन. लोकाचं बिघडलेलं काम नीट करायले मले कधी लाज नाही वाटली."

"मी सगळ्यांना सांगेन अंबादास. घरोघरी जाऊन सांगेन की तुझा दोष नव्हता."

अंबादास रस्त्यावर आला, थांबला आणि पहिल्यांदाच त्यानं मुरलीधरच्या डोळ्यांत पाहिलं.

"एक मेहेरबानी करा," तो म्हणाला. "यापुढं माझं नाव कोणापाशी काढू नका."